पान दोनशे अकरा ते दोनशे चोवीस

मंडईच्या दुसऱ्या रात्री तंबूत सिनेमा लागला,
त्याच जुन्या कादंबरीवरचा
जिची आमच्या वाचनालयात एकच प्रत आहे,
कापडी पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली,
आणि जिची दोनशे अकरा ते दोनशे चोवीस ही पानं
किल्ली माझ्याकडे आली तेव्हापासूनच नाहीत.

दोनशे दहावर राजकन्या मृणावती
काळ्या तळ्याच्या काठाशी, मागे राक्षसाची फौज.
दोनशे पंचवीस सुरू होतं अर्ध्या वाक्यातून :
'…पायांचा चिखल धुऊन ती उठली.'
मधलं तळं गावानं
ज्याचं त्यानं ओलांडलंय.

श्रावण गेडामच्या मते डोंगा होता,
मोहाच्या एका खोडाचा, त्याच्या आजाकडे होता तसा.
रत्नमाला मास्तरीण पोरांना सांगते, कमळाच्या पानांवरून गेली,
पण दमानं. घाई केली की पान बुडतं.
आणि अंताराम, पंप दुरुस्त करणारा,
त्याला पुरावा लागतो :
कोणीतरी पाळीखालचं तुडूम उघडलं,
पाणी धानात गेलं, ती गाळातून चालत गेली.
नाहीतर चिखल कुठून?

तर तंबू. खुर्चीला चाळीस, तणसावर वीस.
मृणावती काठाशी आली तसं
सगळं गाव पुढे सरकलं, खुर्च्यासुद्धा.

आणि आला पक्षी.
पडदाभर सोन्याचा, एकेक पीस खाटेएवढं.
वाऱ्यानं पडदा फुगला
तर त्याला पोटही सुटलं.
पोरं किंचाळली. बाहेरची कुत्री भुंकली.
भिवाजी शेंडे, जे दर नाटकाला बक्षीस लावतात,
पन्नासची नोट घेऊन उभे राहिले, "वन्स मोर!"
आणि नोट कोणाला टोचायची ते कळेना
म्हणून तशीच हातात धरून, हळूच बसले.

ती पलीकडे उतरली.
उतरली, आणि वाकून पाय धुवायला लागली.

"उडून आली तं पायाले चिखल कसा बे?"
अंतारामचा आवाज, अंधारातून.

मग काही उरलं नाही.
राजाचा मुडदा आणला तरी लोक हसत होते,
श्रावण तेवढा गप्प, डोंगा बुडाल्यासारखा,
आणि मास्तरीण शेजारच्या पोराला सांगत होती
की हा सिनेमा आहे,
सिनेमात असंच असतं, आपलं आपण लक्षात ठेवायचं.

परत येताना तलावाच्या पाळीवर
माझ्या बॅटरीच्या उजेडात शेवंता ठेंगरी चालत होती,
मुरमुऱ्याचं रिकामं टोपलं डोक्यावर.
सत्तरीच्या पुढची. वाचनालयात मी तिला
कधी पाहिलेली नाही.
"पक्षी नाही जी," ती म्हणाली,
मी विचारलं नव्हतं.
"अन् डोंगाही नाही. ती पान्यात उतरतच नाही.
बसते. रातभर बसते काठावर.
मंग पहाटं पलीकडचा काठच येते तिच्याकडं,
चालत, गाभन गायीवानी."

बेडूक ओरडत होते. मी बॅटरी खाली धरली.
"आणि चिखल?"
"आता इतक्या दुरून, पान्यातून आला तो,
त्याच्या पायाले लागन नाही का?
तिनं धुतले."

वाटेला फाटा फुटला, ती टोळीकडे वळली.
चौदा पानं. दंडाचा दर दिवसाला पाच पैसे,
मी मनात आकडा मांडायला लागलो
आणि पन्नास वर्षांपाशी सोडून दिला.

सोमवारी कुलूप उघडायच्या आधी पायरीवर सहा जण.
प्रत अंतारामनं मिळवली. नेली नाही,
दारातच उन्हात दोनशे पंचवीस उघडून
पुन्हा पुन्हा वाचत राहिला,
ग्रीसचं बोट ओळीखाली.
"इथं तं पाय कोनाचे ते लिवलंच नाही," म्हणाला
आणि माझ्याकडे पाहिलं.

मी रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहीत होतो.
लिहीतच राहिलो.